शून्यावरची थरथर

४ एप्रिल

ही वही मुळात मोजमापांची. सात वर्षांपूर्वी मला किडनी बसवली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, रोज सकाळी वजन, रक्तदाब, ताप, आणि दिवसभरात पाणी किती प्यायलं, लघवी किती झाली, हे लिहून ठेवायचं. शेवटच्या रकान्यात शेरा. ही माझी अकरावी वही. एकही दिवस चुकवलेला नाही.

आता दुकान बंद, बाहेर पडायला बंदी, आणि बोलायला बायकोशिवाय कोणी नाही. तिच्याशी बोललं की भांडण होतं. म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून हे सुरू केलं. पुढून आकडे, मागून बाकीचं.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. बाजारातला किराणावाला, औषधवाला, भाजीवाला, सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून जातात. काटा चुकला की सज्जन माणूसही चोर ठरतो, म्हणून हे काम चोख माणसाचं आहे. आणि चोख माणसाशी कोणाचं पटत नाही, हेही मला माहीत आहे.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. किडनी दुसऱ्याची, शरीराने तिला परकी समजून हाकलू नये म्हणून सकाळ-संध्याकाळ नऊच्या ठोक्याला गोळ्या घ्यायच्या असतात. त्या गोळ्या राखणदाराला गुंगी देतात. मग खरा चोर आला तरी राखणदार घोरतच असतो. म्हणून तुम्ही घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी बजावलं.

मी दाराशी ते बंदुकीसारखं थर्मामीटर टांगून ठेवलंय. बायको भाजी घेऊन आली की आधी तिच्या कपाळाला लावतो, मगच आत घेतो. ती म्हणते, चोर पकडल्यासारखं वाटतं. वाटू दे. ९८.४ च्या वर कोणालाही प्रवेश नाही.

९ एप्रिल

नऊला गोळी आणि नऊ वाजून एक मिनिटाने ताईचा फोन, हा सात वर्षांचा क्रम. आजही तेच.

"लेक कशी आहे?"

किडनीला ती लेक म्हणते. माझी लेक तुझ्या घरी दिलीय, तेव्हा सासरी सुखात आहे ना हे विचारायचा मला हक्क आहे, असं तिचं म्हणणं. पाणी वेळेवर देतोस ना, जाच करत नाहीस ना, उपाशी तर ठेवत नाहीस ना. सात वर्षं तोच विनोद आणि सात वर्षं त्यावर तीच हसते. माझंही उत्तर ठरलेलं: "बरी आहे. कामाला वाघ आहे."

त्या वेळी काय झालं ते लिहून ठेवावं. थोरल्या भावाची तपासणी ठरली होती. आदल्या दिवशी तो कामासाठी परगावी गेला आणि ते काम अजून संपलेलं नाही. बायकोचा रक्तगट जुळला नाही. ताईला मी विचारलंसुद्धा नव्हतं. तीच एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आपले सगळे रिपोर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या दोन आहेत ना, मग?" भाऊजी तिच्या मागे छत्री धरून उभे होते. ते पोस्टमन. बोलणं मुळातच कमी. त्यांचं मत कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

लोक म्हणतात केवढा त्याग. मी म्हणतो, ताईच ती. ती देणारच होती.

१७ एप्रिल

आज थोडा वेळ दुकानात जाऊन आलो. बायकोला गच्चीवर फिरतो म्हणून सांगितलं.

किराणावाल्याचा सारखा फोन येत होता. बाहेर रांग लागलेली आणि त्याचा काटा पाकिटामागे चाळीस ग्रॅम जास्त दाखवत होता. लोक भांडायला उठले होते. अशा दिवसांत माणसांना चाळीस ग्रॅम कमी मिळावेत हे माझ्याच्याने सहन होत नाही. मी त्याला काटा घेऊन दुकानात यायला सांगितलं.

शटर अर्धं वर करून आत गेलो. तीन आठवड्यांची धूळ. टेबलावर पितळी वजनं रांगेने तशीच उभी होती. पारड्याला खालून गुळाचा खडा चिकटला होता, एवढंच. काढला, प्रमाण वजनं ठेवून तपासलं, शून्य लावलं. वीस मिनिटांचं काम. किराणावाला शेजारी उभा राहून ठसकत होता. तंबाखूची सवय आहे त्याला. तरी मी थर्मामीटर सोबत नेलं होतंच. ९८.२. मी उगाच धोका पत्करत नाही.

हात बरे वाटले. घरी बसून हाताला गंज चढला होता.

२४ एप्रिल

दोन दिवस पोट बिघडलंय. अंगात काही त्राण नाही. ताप नाही. ९७.९.

बायकोला काय झालंय कळत नाही. काल भाजीत मीठ दुप्पट, आज त्याहून जास्त. सांगितलं तर म्हणते, मला बरोबर लागलं. तिला कशाचा वासही येत नाही असं म्हणत होती, सर्दी असेल. चित्त ठिकाणावर नाही, दुसरं काय. अशा जेवणाने पोट बिघडणार नाही तर काय होणार.

२७ एप्रिल

बायकोला आज सकाळी १०१.२.

माझ्याच थर्मामीटरने पकडलं. मी इतके दिवस ओरडत होतो, भाजीवाल्याकडे गर्दी असते, लांब उभी राहा, पैसे हातात घेऊ नको. ऐकलं नाही. शेवटी आणलंच घरात. मी तिला हे तोंडावर म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "असेल. माझ्यामुळेच असेल."

दोघांच्याही नाकात काड्या घालून नमुने नेलेत.

२८ एप्रिल

दोघेही पॉझिटिव्ह. तिला घरीच ठेवलं, मला दवाखान्यात हलवलं. मला ताप नसताना.

डॉक्टरीणबाईंना मी हेच विचारलं. त्या म्हणाल्या, तुमच्या गोळ्यांत ताप दबून जातो. पोट बिघडणं, थकवा, तुमच्यात हाच ताप. तुमच्या त्या बंदुकीवर जाऊ नका. मी म्हणालो, उपकरण चांगलं आहे. त्या म्हणाल्या, उपकरण चांगलंच आहे हो, माणूस वेगळा आहे.

बायको फोनवर सांगत होती, किराणावालाही दवाखान्यात आहे म्हणे. साथच आहे, कोण कोण म्हणून मोजायचे.

३० एप्रिल

तीनपैकी एक गोळी बंद केली. आता शरीराला जाग येऊ द्यायची, म्हणजे ते आजाराशी लढेल. पण जाग आली की त्याला ताईची किडनीही दिसणार. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "तुम्ही वाचलं पाहिजे आणि किडनीही वाचली पाहिजे. दोन्ही जमेल असा शब्द मी देत नाही."

क्रिएटिनिन १.९. म्हणजे किडनी किती कचरा मागे ठेवते आहे त्याचं माप. माझं गेली सहा वर्षं १.२ वर होतं, खिळा ठोकल्यासारखं.

ताईला १.५ सांगितलं. ती काळजी करते.

६ मे

नाकाला नळी. 

शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. तो सगळ्यांकडे बघून मापं सांगायचा. माझी छाती छत्तीस म्हणाला. कमी झालीय, पूर्वी अडतीस असेल. बरोबर होतं. आज त्याची खाट रिकामी आहे. चादर बदलणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या चादरीचे कोपरे नीट करत राहिल्या.

मला भीती वाटते. मरणाची कमी आणि किडनी जाण्याची जास्त. मेलो तर सुटलो. पण किडनी गेली आणि मी उरलो, तर ताईला कुठल्या तोंडाने सांगू? तिची एक अशीच वाया घालवली म्हणून?

१५ मे

घरी आलो. क्रिएटिनिन १.५. दोघंही वाचलो म्हणायचं, मी आणि लेक. बंद केलेली गोळी अर्धी सुरू केली.

पण मला सुटका नाही. रिपोर्ट अजून पॉझिटिव्ह. बायकोला चौदा दिवस झाल्यावर नुसत्या तोंडी परवानगीने मोकळं सोडलं. मला मात्र मागची खोली, वेगळं ताट, वेगळी मोरी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाकीच्यांचे दिवस मोजतात, तुमचे मोजायचे नाहीत. तुमचं शरीर हा विषाणू लवकर बाहेर टाकत नाही. ठणठणीत दिसाल, तरी तुमच्याकडून दुसऱ्याला होऊ शकतं. लागोपाठ दोन रिपोर्ट कोरे येईपर्यंत कोणालाही भेटायचं नाही." किती दिवस विचारलं तर म्हणाल्या, दोन महिनेही लागतात.

जिने घरात आणलं ती बाजारात हिंडते आणि मी कोंडलेला. हा न्याय.

२२ मे

रिपोर्ट: पॉझिटिव्ह. पण पुसट.

खोकला नाही, धाप नाही, पोट ठीक, ताप ९८.१. मला काहीही झालेलं नाही.

३० मे

पुन्हा पुसट पॉझिटिव्ह. मी डॉक्टरीणबाईंशी वाद घातला. पुसट म्हणजे किती? त्या म्हणाल्या, "पुसट आहे, पण आहे."

मी तीस वर्षं काटे लावतोय. रिकाम्या पारड्याचा काटासुद्धा शून्यावर कधी दगडासारखा बसत नाही. जरा थरथरतो. पंख्याचा वारा, रस्त्यावरून गेलेली गाडी, कशानेही. ती थरथर म्हणजे वजन नव्हे. आमच्या धंद्यात ती धरत नाहीत. जो धरतो त्याला काम येत नाही असं समजावं. डॉक्टरीणबाई हुशार आहेत, पण मापाचं त्यांनी मला शिकवू नये.

तीन दिवसांनी २ जून. किडनीला सात वर्षं पूर्ण होतात.

३१ मे

दर वर्षी २ जूनला ताई दुकानात येते. आम्ही दोघं मोठ्या काट्यावर एकत्र उभे राहतो, जोडीचं वजन करतो, आणि भिंतीवर पेन्सिलने लिहितो. सर्जनने सांगितलं होतं, काढलेली किडनी एकशे साठ ग्रॅमची होती. ताई दर वर्षी म्हणते, तुझ्यातले एकशे साठ माझे, तेव्हा फार टेचात उभा राहू नको. भिंतीवर सहा आकडे आहेत.

आज तिने स्वतःच विचारलं, "या वर्षी राहू दे का रे? तुझा रिपोर्ट कसा आलाय?"

मी म्हणालो, "निगेटिव्ह."

ती म्हणाली, "खरंच? मग येते. घरात बसून वेड लागायची पाळी आलीय."

खोटं बोललो असं नाही. पुढच्या आठवड्यात तसा येणारच आहे. आणि महिनाभर मी एका खोलीत भिंती बघितल्यात, मरणाच्या दारातून परत आलोय. एक बहीण अर्धा तास भेटली तर आभाळ कोसळणार नाही. बायकोला फक्त दुकानाची धूळ झाडून येतो म्हणून सांगायचं.

२ जून

छान झालं सगळं. शटर अर्धंच वर ठेवलं, पोलिसांना दिसू नये म्हणून. ताई वाकून आत आली आणि आल्या आल्या नाकावर हात ठेवला. म्हणाली, तुझ्या दुकानाला ग्रीसचा आणि तुझा असा एकच वास येतो. वाळलीय थोडी. केस पांढरे झालेत. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती वजनं पुसत बसली, नुसत्या हातांनी. मी ओरडलो, पितळेला हाताचा घाम लागतो. ती म्हणाली, दोन महिन्यांनी भेटलेल्या बहिणीवर ओरडतोस, म्हणजे तू खरंच बरा झालास.

काटा दोघांना अरुंद पडतो. ती माझा दंड धरून उभी राहते. मास्कमुळे तिच्या चष्म्यावर वाफ धरत होती, आकडा दिसेना. मीच म्हणालो, काढ जरा, इथे कोण आहे. मीही काढला. एकशे अठरा किलो चारशे. गेल्या वर्षीपेक्षा आठ किलो कमी, त्यातले सहा माझे. आम्ही एवढे हसलो की काटा थांबेना. आकडा स्थिर होईपर्यंत हलू नको म्हटलं तर ती जास्तच हलायची.

भिंतीवर सातवा आकडा लिहिला. जाताना म्हणाली, "आठव्या वर्षी दोघंही जाड होऊन येऊ."

आज शेऱ्यात "उत्तम" लिहिलं. सात वर्षांत पहिल्यांदाच.

७ जून

नऊ वाजून एक मिनिट झालं, फोन नाही. दहा झाले, नाही. मी केला तर भाऊजींनी उचलला. तिला काल सकाळपासून ताप आहे, १०२. अंग ठणकतंय.

९ जून

ताई पॉझिटिव्ह. दवाखान्यात नेलं. भाऊजींना काही नाही.

मी त्यांना स्पष्ट बोललो. म्हणालो, "भाऊजी, तुम्ही घरोघर पत्रं वाटत फिरता. दहा माणसांच्या दारात उभे राहता आणि तसेच घरी येता. एका किडनीवरची बाई घरात आहे, एवढं तरी तुम्हाला कळायला हवं होतं." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

त्यांना काही होत नाही आणि तिला झालं. असे लोक असतात, स्वतः कोरडे राहतात.

१२ जून

डॉक्टरीणबाईंचा फोन. क्रिएटिनिन १.३, छान आहे म्हणाल्या. मग ताईबद्दल त्यांना कळलं होतं, विचारलं, मधल्या काळात तुम्ही बहिणीला भेटला होतात का?

मी नाही म्हणालो. त्यांनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा नाही म्हणालो.

१५ जून

ताईची लघवी कमी झालीय. दिवसभरात दोनशे मिली. माझी दोन लिटर तीनशे. मी वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि तिचा खोडला. ही वही माझी आहे, तिचा आकडा इथे नको.

डायलिसिस लावणार आहेत. दोन किडन्या असत्या तर कदाचित वेळ आली नसती, असं तिथल्या डॉक्टरांनी भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी ते मला जसंच्या तसं सांगितलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

१८ जून

सकाळी निकाल आला. निगेटिव्ह. आठवड्यातला हा दुसरा. मी मोकळा झालो.

दुपारी ताईचा फोन आला. तिच्या नर्सने कानाला धरला होता. मध्ये मध्ये ऑक्सिजनचा आवाज येत होता. प्रत्येक वाक्याआधी ती थांबत होती.

म्हणाली, "त्यांना कशाला बोललास? नऊ दिवस जेवले नाहीत नीट."

मी म्हणालो, पत्रं वाटत फिरतात म्हणून बोललो.

"मार्चपासून घरी आहेत रे ते. गुडघा धरलाय. रजा टाकलीय. मीच बाहेर सोडत नव्हते."

मला हे माहीत नव्हतं. तीन महिने ती रोज फोन करत होती आणि मी भाऊजी कसे आहेत हे एकदाही विचारलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "मी तरी कुठे गेले? कुठेच नाही. तुझ्या दुकानाखेरीज." बराच वेळ नुसता ऑक्सिजनचा आवाज. "बारक्या, तुझा रिपोर्ट चांगला होता ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग झालं. कुठून आलं कोण जाणे. जाऊ दे." आणि मग, "लेक कशी आहे?"

१.३ आहे म्हणालो. कामाला वाघ हे शब्द तोंडातून बाहेर आले नाहीत.

"पाणी वेळेवर दे तिला," ती म्हणाली. नर्सने फोन घेतला.

तिला कळलं होतं का, ते मला ठरवता येत नाही. कळलं असेल आणि तिने मला सोडून दिलं असेल, तर ते मी कुठे ठेवू?

२१ जून

ताई गेली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

मला तिथे जाऊ दिलं नाही. भाऊजींनाही लांबून दाखवलं. मी नऊला गोळी घेतली. ती गेली म्हणून गोळी चुकवून चालणार नव्हतं, ती तिच्यासाठीच तर घ्यायची. फोन मांडीवर ठेवून बसलो.

२४ जून

बायकोला रिपोर्ट सापडला. ३० मेचा, वहीच्या पुढच्या पानांत घडी करून ठेवलेला. तिने तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसली.

"दोन तारखेला धूळ झाडायला गेला होतात ना? ताईंना काय सांगितलं होतं?"

मी सांगितलं. सगळं. थरथरीचंसुद्धा. तिने रिपोर्टची घडी पुन्हा घातली. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये किराणावाल्याच्या बायकोने मला सांगितलं होतं. तुमचे मालक आले आणि काटा नीट करून गेले, फार उपकार झाले. मी तुम्हाला काही बोलले नाही. म्हटलं, आजारी माणूस आहे, माझ्यावर ढकलून बरं वाटत असेल तर वाटू दे. तेव्हाच बोलायला हवं होतं मी."

म्हणजे मलाच तिथून आलं. मीच ते तिला दिलं, आणि तिच्या कपाळाला बंदूक लावून तिला चोर ठरवलं. तिला चव लागत नव्हती आणि मी मिठावरून बोललो. तीस वर्षांत मी एकही काटा खोटा लावलेला नाही, यावर माझा सगळा तोरा होता.

तिने एवढंच विचारलं, "भाऊजींना सांगणार ना? मी नाही सांगायची. ते तुमचं काम आहे."

सांगतो म्हणालो.

२५ जून

आज भाऊजी येऊन गेले. काठी टेकत. आत येत नव्हते, म्हणाले अजून माझे दिवस मोजायचे आहेत, तुला काही व्हायला नको. दाराबाहेरच उभे राहिले. मीही दारात. जिन्यावर दुसरं कोणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ आली नसती.

मी तोंड उघडलं तेवढ्यात तेच बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तू बोललास ते खरं होतं. मी तिला न सांगता दोनदा बाहेर गेलो होतो. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे, गुडघ्याचं मलम आणायला. ती आंघोळीला गेली की जायचो. दहा मिनिटं. त्या मलमापायी गेली ती. मला काही झालं नाही, पण मीच आणलं असणार, नाहीतर येणार कुठून? ती तर तुझ्याकडे सोडून कुठे गेलीच नाही."

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना मी शिव्या द्याव्यात, असं वाटत होतं त्यांना. मी म्हणालो, तसं नसेल भाऊजी. ते म्हणाले, "तू चांगला आहेस म्हणून असं म्हणतोस."

मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. ताईने दवाखान्यात जाण्याआधी त्यांच्यासाठी लिहून ठेवलेली यादी. गॅस बंद केल्याची खात्री करा. दूधवाल्याला अर्धा लिटर सांगा. गुडघ्याला मलम रोज लावा, संपलं तर मला सांगा. आणि शेवटी: बारक्याला रोज नऊला फोन करा, लेकीची चौकशी करा.

"मलमाचं तिला माहीत होतं बहुतेक," ते म्हणाले. "आता फोन मी करत जाईन. चालेल ना?"

मी चालेल म्हणालो. ते एक एक पायरी उतरत गेले. मी कठडा धरून शेवटच्या पायरीपर्यंत त्यांना बघत होतो. खाली पोचेपर्यंत हाक मारायला भरपूर वेळ होता.

२६ जून

फोन आला. नऊ वाजून एक मिनिट. जेवलास का, विचारलं. किडनी बरी आहे ना, विचारलं. बरी आहे म्हणालो.

सांगितलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ती.

२९ जून

आज सांगायचं ठरवलंच होतं. ते म्हणाले, मलम फेकून दिलं. आता गुडघा दुखला की बरं वाटतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती आत गेली. जेवणात मीठ अगदी बेताचं होतं.

२ जुलै

दुकानात जाऊन आलो. पितळी वजनांवर तिच्या बोटांचे डाग उमटलेत, काळपट. कापड घेतलं होतं पुसायला. पुसले नाहीत. ती वजनं आता प्रमाण म्हणून चालणार नाहीत, डागाचंही वजन असतं. केसाएवढं का असेना, आहे.

एकटाच काट्यावर उभा राहिलो. सत्तावन्न किलो नऊशे. एकशे साठ ग्रॅम वजा केले. भिंतीवर काही लिहिलं नाही.

५ जुलै

मागून येणारी ही पानं आणि पुढून येणारे आकडे आता समोरासमोर आलेत. मध्ये एक कोरं पान उरलंय. ते आकड्यांसाठी ठेवतो, डॉक्टरीणबाई मंगळवारी वही मागतील.

आज भाऊजींचा दहावा फोन. नऊ दिवस मी त्यांना नुसतं "बरी आहे" म्हणत होतो आणि ते "बरं" म्हणून ठेवत होते. आज त्यांनी जरा घसा खाकरला. मग अवघडत, दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं, विचारलं, "लेक कशी आहे?"

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. रोज नऊला शेजारच्या खोलीत बसून ते सात वर्षं आमचं बोलणं ऐकत असले पाहिजेत, कारण पुढे ते थांबून राहिले. ठरलेल्या उत्तराची वाट बघत होते.

मी म्हणालो, "बरी आहे. कामाला वाघ आहे."

ते हसले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. मग म्हणाले, अगदी तिच्यासारखी आहे म्हणायची, आणि परत हसले, आणि मग त्यांना रडू आलं. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. त्यांचं रडणं आवरल्यावर त्यांनी माझे आभार मानले.

मी म्हणालो, उद्या परत करा.